केस पेपरवर ‘अंगदुखी’

(दृश्य : गोव्यातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. सकाळची ओपीडी.)

सोमवारची ओपीडी म्हणजे जत्राच. ताप, खोकला, बीपीच्या गोळ्या, कुत्रा चावलेला एक शाळकरी मुलगा. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली पन्नाशीची एक बाई. नंबर आला की ती सांगणार : अंग मोडून येतं, डोकं जड, झोप नाही, भूक मेली. डॉक्टरांकडे तिच्यासाठी तीन-चार मिनिटं, कारण रांग दाराबाहेर गेलेली. केस पेपरवर ‘अंगदुखी’ लिहिलं जातं, बी कॉम्प्लेक्स आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. पंधरवड्याने ती पुन्हा त्याच खुर्चीवर.

ही कुणी एकच बाई नाही. या फिल्मपुरती आपण अनेकींची मिळून एक केली आहे, म्हणून नावही दिलेलं नाही.

तिचं खरं दुखणं नैराश्य आहे. पण ती खोटं बोलत नाहीये, हे आधी लक्षात घेऊ. नैराश्यात अंग खरोखर दुखतं, पोट बिघडतं, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. खोदून विचारलंत तर ती फार तर म्हणेल, “टेन्शन आहे थोडं.” आपल्याकडे या एका शब्दात काय काय मावतं! मुलाची नोकरी, नवऱ्याची बाटली, सुनेशी अबोला, आणि त्याच्याही तळाशी कशातच जीव न रमणं.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, दर दहा प्रौढांमागे एकाहून थोडी जास्त माणसं त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक आजाराने ग्रस्त आढळली. नैराश्य आणि चिंतेसारख्या नेहमीच्या आजारांत शंभरातल्या सुमारे 85 जणांवर उपचारच सुरू नव्हते. देशात लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा वाट्याला येत नाही. म्हणजे आपल्या या बाईला तज्ज्ञाकडे पाठवायचं ठरवलं, तरी पाठवणार कुठे?

(दृश्य : दवाखान्याच्या मागची छोटी खोली. टेबल, दोन खुर्च्या, एक पंखा.)

गोव्यात 1996 पासून काम करणाऱ्या ‘संगथ’ या संस्थेने या प्रश्नाला एक धाडसी उत्तर शोधलं. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. माणसं स्थानिक घ्यायची, शाळा पूर्ण केलेली, पण मानसशास्त्राची पदवी वगैरे काही नसलेली. त्यांना तीन आठवडे शिकवायचं, मग काही महिने हाताखाली काम करून घ्यायचं आणि आरोग्य केंद्रात समुपदेशक म्हणून बसवायचं. अनेक तज्ज्ञांना हे पटलं नव्हतं आणि त्यांची काळजी अगदीच अनाठायी नव्हती. म्हणून यात एक कडक नियम होता. रुग्णाच्या संमतीने बैठकी ध्वनिमुद्रित व्हायच्या आणि समुपदेशक एकत्र बसून एकमेकांची मुद्रणं ऐकून गुण द्यायचे. तू मध्येच तोडलंस, इथे सल्ला दिलास, इथे ऐकलंच नाहीस. आपल्याकडे किती मुरलेले डॉक्टर असं तपासून घ्यायला तयार होतील, कोण जाणे.

सुरुवात नऊ प्रश्नांनी होते. गेल्या दोन आठवड्यांत एखाद्या गोष्टीत रस वाटला नाही, असं कितीदा झालं? झोप? भूक? थकवा? आपण कुचकामी आहोत असं वाटलं? नववा प्रश्न सगळ्यात अवघड : मरून जावं, असं मनात आलं का? हा प्रश्न विचारताना नवख्यांचा आवाज पडतो. विचारल्याने ते खूळ तिच्या डोक्यात शिरेल, ही भीती. ते शिरत नाही. उलट कुणीतरी सरळ विचारलं, म्हणून पुष्कळांना मोकळं वाटतं. आणि उत्तर ‘हो’ आलं, तर त्या दिवशी तिला एकटीला घरी धाडायचं नसतं.

(दृश्य : समुपदेशक मुलगी वहीत दिवसाचे तास आखते आहे. संभाषण कोकणीतून.)

“काकी, काल जेवण झाल्यावर काय केलंत?”
“निजले.”
“झोप लागली?”
“कसली झोप. आढ्याकडे बघत पडले.”
“आणि चार वाजता?”
“चहा. मग परत आढं.”
“पूर्वी चारला काय करायचात?”
बाई जरा थांबते. पूर्वी ती चार वाजता शेजारणीच्या सोप्यावर (ओसरीवर) बसून अबोलीच्या फाती, म्हणजे गजरे, करायची. दोघी मिळून, गप्पा मारत. मग मन लागेनासं झालं आणि जाणं सुटलं. शेजारणीने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही.

समुपदेशनाचा सगळा कणा इथे आहे. मन लागत नाही म्हणून आपण एकेक गोष्ट सोडतो, सोडली की बरं वाटण्याची एकेक जागा जाते, आणि मन आणखीच लागेनासं होतं. घरचे सांगतात, “आधी मनातले वाईट विचार काढून टाक.” विचार असे हुकुमाने जात नाहीत. ही मुलगी उलट्या टोकाने धरते. मन लागो न लागो, उद्या चार वाजता सोप्यावर जायचं. एकच फाती करायची. नाही झाली तर नुसतं बसून यायचं. पुढच्या भेटीत दोघी मिळून बघणार : गेलात का, जाताना कसं वाटलं, येताना कसं वाटलं. लिहिता येत नसेल तर तिथेच बोलून.

ऐकताना हे फार साधं वाटतं, आणि ‘जरा बाहेर पड, बरं वाटेल’ या घरगुती सल्ल्यासारखंही. फरक असा की सल्ला देणारा देऊन मोकळा होतो. इथे दर आठवड्याला अर्धा-पाऊण तास कुणीतरी समोर बसतं, असं सहा ते आठ वेळा. ठरलेलं जमलं नाही तर का जमलं नाही, हे न रागावता शोधतं. कारण अनेकदा अगदी व्यवहारी निघतं : चार वाजताच सासऱ्यांना औषध द्यायचं असतं. मग वेळ बदलायची.

याची रीतसर चाचणी गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाली आणि निष्कर्ष ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नैराश्याचा बराच जोर असलेली 495 माणसं. तीन महिन्यांनी, समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्क्यांचं नैराश्य ओसरलं होतं. ज्यांच्याबाबत डॉक्टरांना फक्त त्या नऊ प्रश्नांचा निकाल आणि मार्गदर्शक सूचना दिल्या होत्या, त्यांच्यात हे प्रमाण 39 टक्के. फायदा वर्षभराने तपासला, तेव्हाही टिकून होता.

आता या 64 टक्क्यांबाहेर उरलेली बाजूही बघायला हवी. तिघांतल्या एकाहून जास्त जणांना एवढ्यानेही पुरेसा उतार पडला नाही. अशांना औषधं लागतात, कधी आणखी तपासणी लागते. थायरॉइड बिघडला तरी माणूस असाच मलूल होतो. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजारात तर मानसोपचारतज्ज्ञ आणि गोळ्या यांना पर्यायच नाही, तिथे फाती करून भागणार नाही. आणि नवरा रोज मारत असेल, तर बाईच्या ‘मनःस्थितीवर काम’ करत बसणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

(दृश्य : अमरावती जिल्हा. कपाशीचं शेत, पारावर बसलेली माणसं.)

हाच धागा विदर्भात ‘विश्राम’ प्रकल्पाने उचलला. अमरावती जिल्ह्यातली तीस गावं, गावातलेच कार्यकर्ते. नैराश्य असलेल्यांपैकी आधी जेमतेम 4 टक्के लोक कुणाकडे मदत मागायला जात होते. दीड वर्षाच्या कामानंतर ते 27 टक्के झाले. ‘दवाखान्यात चल, मी सोबत येतो’ असं म्हणणारं आता गावातच कुणी होतं. शेतकऱ्याचं कर्ज यातून फिटत नाही. कार्यकर्तेही तसा दावा करत नाहीत.

ज्यांच्या गावात असं कुणी नाही, त्यांच्यासाठी सरकारची ‘टेलि मानस’ ही फोनवरून मानसिक आधाराची मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे. नंबर 14416, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. फोन दुसऱ्यासाठी, घरातल्या माणसासाठीही करता येतो.

(दृश्य : आशाताई, हातात मोबाइल.)

पुढचा प्रयोग मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यात झाला. समुपदेशनाची हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांना मोबाइलवरून शिकवायची. कल्पना चांगली आहे. गावात प्रत्येक घराची कडी वाजवणारी तीच तर एक बाई आहे. पण तिच्या वहीत आधीच गरोदर मातांची नोंद, लसीकरण, क्षयरोगाच्या गोळ्या आणि अधूनमधून येणारी सर्वेक्षणं आहेत, आणि बराचसा मोबदला कामागणिक. त्यात कुणाचं तरी अर्धा तास नुसतं ऐकून घेण्याचा दर किती धरायचा आणि आशाताईचं टेन्शन कुणी ऐकायचं, हे ज्यांनी ठरवायचं त्यांनी अजून ठरवलेलं नाही.