डेट्रॉइटला पत्रं लिहिणारा सुपरवायझर

(दृश्य : १९५०च्या दशकातलं लॉस एंजेलिस. भर दुपार, तरी समोरच्या इमारती पुसट.)

हे धुकं नाही, धूर आहे. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो.

१९५३ साली लॉस एंजेलिस काउंटीचे सुपरवायझर केनेथ हान यांनी थेट मोटार कंपन्यांच्या डेट्रॉइटला, फोर्ड कंपनीला पत्र धाडलं. तुमच्या मोटारींच्या या धुराचं तुम्ही काय करताय? उत्तर आलं. त्याचा मथितार्थ असा, की इंजिनातून धूर निघतो हे आमच्या इंजिनिअरांना ठाऊक आहे, पण तो हवेत लगेच विरून जातो. त्यापासून प्रदूषण होत नाही.

(दृश्य : काउंटी मंडळाचं सभागृह.)

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. पण लॉस एंजेलिस काउंटीचा कारभार फक्त पाच सुपरवायझर बघतात. दवाखाने, रस्ते, तुरुंग, सगळं त्यांच्याच हाती. हान आधी नगरसेवक होते. १९५२ साली सुपरवायझर झाले आणि १९९२पर्यंत, सलग चाळीस वर्षं, निवडून येत राहिले.

का निवडून येत राहिले, हे त्यांच्या मतदारसंघात फिरलं की कळतं. फ्रीवेवर गाडी बंद पडली तर मदत मागायला कडेला फोनच्या पेट्या बसल्या, त्या हान यांच्या आग्रहानं. १९६५ साली लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल पेटली. त्या वस्तीला जवळ सरकारी रुग्णालयच नव्हतं. हान पाठीस लागले आणि १९७२ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाचं रुग्णालय उभं राहिलं. अपघाताच्या जागीच पॅरामेडिकना, म्हणजे डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षित मदतनीसांना, उपचार करू देणारा १९७०चा कायदाही त्यांच्याच पाठपुराव्याचा. माझ्या मते, त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच.

आणि पत्रं? ती थांबली नाहीत. जनरल मोटर्सला, क्रायस्लरला, पुन्हा फोर्डला, वर्षानुवर्षं. सगळा पत्रव्यवहार त्यांनी छापून लोकांपुढे ठेवला. १९६९ साली केंद्र सरकारनं मोटार कंपन्यांवर खटला भरला : धूर रोखणारी यंत्रणा लांबवण्यासाठी तुम्ही संगनमत केलंत. त्याच वर्षी तो तडजोडीत मिटला. तो चालायला हवा होता. कोण काय दडवत होतं, ते भर न्यायालयात लोकांना ऐकायला मिळालं असतं.

(दृश्य : नव्या गाडीखालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, जवळून.)

अमेरिकेतल्या बहुतेक नव्या गाड्यांना धुरातले विषारी वायू कमी करणारा हा डबा बसू लागला १९७५च्या मॉडेलपासून. पहिल्या पत्राला तोवर वीस वर्षं उलटून गेली होती. हान अजून त्याच खुर्चीत होते.