टॉवर उभा राहतो तेव्हा शहराच्या खिशात काय पडतं?
(जळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मित्रहो, उंच इमारत म्हणजे काय हे जळगावकरांना वेगळं सांगायला नको. महापालिकेची सतरा मजली आपण रोज पाहतो, आणि लिफ्ट बंद असली की वरच्या मजल्यावरचं काम उद्यावर कसं जातं हेही अनेकांना ठाऊक आहे. आता तशाच उंचीची, पण राहण्याची घरं आपल्याकडे येऊ लागली आहेत. खाली पोडियम पार्किंग, वर क्लब हाऊस, जिम, स्विमिंग पूल. जाहिरातीत त्याला ‘शहराची प्रगती’ म्हणतात. मला आज त्या प्रगतीचा हिशेब मांडायचा आहे. टॉवर बांधून झाला म्हणून शहर श्रीमंत होत नाही. त्यात माणसं राहायला आली, तिथून दुकानात गेली, कामाला गेली, कर भरू लागली, तर होतं. ही दोन वेगळी उत्पन्नं आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो.

हिशेबासाठी एक इमारत मनात धरू. बारा मजले, मजल्यावर चार, म्हणजे ४८ फ्लॅट. प्रत्येकी १२०० चौरस फूट विक्रीयोग्य धरा. एकूण ५७,६०० फूट. आकडे गृहीत आहेत, पण गणिताची रीत खरी आहे.

बिल्डर जमिनीचा भाव कसा ठरवतो, ते आधी पाहू. तो उलटीकडून मोजतो. समजा विक्रीचा दर फुटाला ५,५०० रुपये. त्यातून बांधकामाचे २,६०० वजा. प्रीमियम (जादा बांधकामासाठी भरायची रक्कम), विकास शुल्क, आर्किटेक्ट, व्याज, जाहिरात मिळून १,००० वजा. विक्रीच्या १५ टक्के नफा, म्हणजे ८२५ वजा. उरले १,०७५. फुटामागे एवढेच जमिनीला देता येतात; पूर्ण प्लॉटचे झाले साधारण ६ कोटी १९ लाख. आता शेजारी एक आलिशान प्रकल्प ६,५०० च्या दराने विकला गेला, तर? बांधकाम तेवढंच, इतर खर्च तेवढाच, नफा ९७५. जमिनीसाठी उरतात १,९२५, म्हणजे ११ कोटींहून जास्त. विक्रीचा दर १८ टक्क्यांनी वाढला आणि जमीन ७९ टक्क्यांनी महागली.

हे नीट लक्षात घ्या, कारण सगळ्या परिणामांचं मूळ इथे आहे. वाढलेला भाव त्या एका प्लॉटपुरता राहत नाही. शेजारच्या गल्लीतला जुन्या घराचा मालकही तोच भाव धरून बसतो. मग ज्याला त्या गल्लीत वन-बीएचकेची साधी तीन मजली इमारत काढायची होती, त्याचं गणित जमतच नाही. एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात किंवा डाळ मिलमध्ये काम करणारा माणूस शहराच्या कडेला, एनए म्हणजे बिगरशेती प्लॉटवर जातो. तिथे गटार नाही, शहर बस नाही, रोजचा पेट्रोलचा खर्च मात्र आहे. तोच खर्च पुढे पगाराच्या मागणीत येतो, म्हणजे कारखानदारालाही जमिनीचं भाडं अप्रत्यक्ष भरावंच लागतं.

२०२० च्या डिसेंबरपासून राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली, आपण जिला यूडीसीपीआर म्हणतो, ती लागू झाली. मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा, १.१. त्यावर प्रीमियम भरून आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकाम हक्क, घेऊन मिळणारं क्षेत्र रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, शिवाय निवासी इमारतीला ६० टक्क्यांपर्यंत अॅन्सिलरी, म्हणजे जिने, लिफ्ट, बाल्कनी अशांसाठीचं पूरक क्षेत्र. नियम वाईट नाही. रुंद रस्त्यावर उंची द्यावी, हे तत्त्व बरोबरच आहे. पण कागदावरचा रुंद रस्ता विकास आराखड्यात असतो आणि जागेवर अतिक्रमण असतं. ज्या रुंदीवर परवानगी दिली, ती रुंदी इमारतीत माणसं येईपर्यंत प्रत्यक्षात हवी. नाहीतर फायर ब्रिगेडची गाडी कोपऱ्यावरच अडकते.

आता बांधकामाच्या काळातला पैसा. टॉवर बांधताना रोजगार मिळतो, हे खरं. कामगार कल्याणासाठी बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकरही भरावा लागतो. पण पैसा कुठे जातो ते पाहा. लोखंड बहुतेक जालन्याहून, लिफ्ट आणि काच बाहेरून, अॅल्युमिनियम शटरिंगवर काम करणारी टोळी परराज्यातून. बंगला किंवा तीन मजली इमारत असली की गावातला गवंडी, सेंट्रिंगवाला, सुतार, फरशीवाला, ग्रिलवाला यांना काम मिळतं आणि ते पैसे बाजारातच फिरतात. उंच इमारतीत काम यांत्रिक आणि पुरवठा लांबचा, म्हणून शंभर रुपयांतले गावात थांबणारे रुपये कमी. रोजगार संपतो तोही एका दिवसात: स्लॅब झाला, टोळी निघाली.

महापालिकेला प्रीमियम, विकास शुल्क असं एकरकमी मिळतं. मुद्रांक शुल्कातला १ टक्का अधिभारही शहराच्या वाट्याला येतो. ते येतात एकदा. पाणी, सांडपाणी, कचरा, रस्ता मात्र कायमचे. पाण्याचंच घ्या. ४८ घरं, घरात पाच माणसं, माणशी १३५ लिटर: दिवसाला ३२,४०० लिटर. त्याच प्लॉटवर पूर्वी दहा बंगले असतील तर ६,७५० लिटर लागत. गल्लीतला पाइप त्या दहा बंगल्यांसाठी टाकलेला. पाणी एक दिवसाआड येत असेल तर जमिनीखालची टाकी निदान ६५ हजार लिटरची हवी, आगीचा राखीव साठा वेगळा. वितरण व्यवस्थेचं प्रमाण पाहिलं तर तीन मजली घरासाठी नळाला सुमारे १७ मीटर दाब, म्हणजे पाणी तेवढं उंच चढेल असा जोर, धरतात. त्याच्या वरचं सगळं इमारतीच्या पंपाचं. पंपाच्या विजेला लोक घाबरतात, पण ३२ हजार लिटर पाणी ४५ मीटर चढवायला दिवसाला साधारण आठच युनिट लागतात. खरं दुखणं टाकी वेळेत न भरण्याचं आहे. मग थेट लाइनवर मोटर लावतात, आणि पुढच्या चाळीतल्या नळाला थेंब येत नाही. वाघूर धरणात पाणी असून गल्लीत टंचाई, याचं एक कारण हे. टाकी तरीही अर्धी राहिली तर दहा हजार लिटरचे निदान तीन टँकर. तो खर्च कोणत्याही ब्रोशरमध्ये छापलेला नसतो.

आता रिकाम्या घरांकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत १ कोटी १० लाखांहून जास्त घरं रिकामी होती. टंचाई आणि रिकामी घरं एकत्र नांदतात, कारण महाग घर हे राहण्यासाठी कमी आणि पैसा ठेवण्यासाठी जास्त घेतलं जातं. आपल्याकडे तर हे फार ओळखीचं आहे. केळीचे पैसे आले, सराफ्यातला नफा आला, पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या मुलाने पाठवले: सोनं झालं, प्लॉट झाला, आता फ्लॅट. मला यात माणसाचा दोष दिसत नाही. पैसा सुरक्षित ठेवायचा तर आपल्या शहरात दुसरी जागा तरी कोणती? पण तोच पैसा केळीच्या शीतगृहात किंवा पिकवणी केंद्रात गेला असता तर दरवर्षी काही कमावला असता. कुलूपबंद फ्लॅट कमावत नाही. समोरचा किराणावाला, दूधवाला, पोळ्या करणाऱ्या ताई, कुणालाच त्या घरातून रुपया मिळत नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराने २०१७ पासून रिकाम्या घरांवर कर लावला. सुरुवातीला किमतीच्या १ टक्का, पुढे ३ टक्के. तसाच्या तसा इथे आणा असं मी म्हणत नाही, कारण घर रिकामं आहे हे सिद्ध करणारी यंत्रणा आपल्या पालिकांकडे नाही. वीजमीटरची नोंद पाहून सुरुवात करता येईल.

रिकामेपणाचा चटका आधी बसतो तो राहायला आलेल्यांना. तीन पाळ्यांचे तीन वॉचमन ४२ हजार, दोन लिफ्टची देखभाल आणि वीज २४ हजार, सफाई २० हजार, जिने-पार्किंगचे दिवे आणि पंप १४ हजार, जनरेटर १० हजार, हिशेबनीस व किरकोळ १० हजार. महिन्याला १ लाख २० हजार. ४८ जणांनी भरले तर २,५००. अठराच भरणारे असतील तर घरामागे ६,६६७. लिफ्टला वरचे मजले रिकामे आहेत की भरलेले याचा फरक पडत नाही. थकबाकीसाठी सहकार कायद्याचं कलम १५४ ब-२९ आहे, वसुली दाखला मिळतो; पण कमिटीवरच्या माणसाला वर्षभर चकरा माराव्या लागतात, आणि तोवर जनरेटरचं डिझेल कुणीतरी पदरचं घालतो.

आणखी एक खर्च मेंटेनन्सच्या पावतीवर दिसत नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीप्रमाणे सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्का आणि दुरुस्ती निधी ०.७५ टक्का. आपण मनात धरलेल्या इमारतीचं बांधकाम साधारण १५ कोटींचं. म्हणजे दर घरामागे महिन्याला साधारण २,६०० रुपये, मेंटेनन्सच्या वर. किती सोसायट्या हे गोळा करतात? पंचवीस वर्षांनी लिफ्ट बदलायची, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं, आणि आपल्या ४५ अंशांच्या उन्हात पश्चिमेच्या भिंतीचं प्लास्टर तर त्याआधीच फुगतं. जुन्या धाब्याच्या घराला दरवर्षी माती टाकायचे, ती दुरुस्ती घरातल्या माणसाच्या हातातली होती. बाराव्या मजल्याच्या बाहेरच्या भेगेला झुला बांधावा लागतो. अमेरिकेत मायामीजवळ सर्फसाइड इथे २४ जून २०२१ ला बारा मजली निवासी इमारतीचा मोठा भाग कोसळला, ९८ माणसं गेली. दुरुस्तीची मोठी रक्कम कुणी किती भरायची यावर तिथे आधीची वर्षं वाद चालले होते. ती इमारत श्रीमंत वस्तीत, समुद्रकिनाऱ्यावर होती.

अर्धवट थांबलेल्या प्रकल्पांचं कारणही सांगतो, कारण त्यात तुमची बचत अडकते. बिल्डर पहिल्या काही घरांचं बुकिंग गुंतवणूकदारांना कमी दराने देतो. त्यांना राहायचं नसतं, ताब्याआधी विकायचं असतं. भाव चढला नाही की ते आपले फ्लॅट बाजारात काढतात, आणि बिल्डरच्या उरलेल्या फ्लॅटशी त्यांचीच स्पर्धा लागते. विक्री थंडावते, हप्ते थांबतात, व्याज चालूच राहतं. काम साधारण वरच्या मजल्यांच्या प्लास्टरला आणि लिफ्टला अडकतं, कारण तोपर्यंत हप्त्यांतला मोठा भाग खर्चून झालेला असतो. म्हणून महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी, तिमाही प्रगती आणि विकल्या गेलेल्या घरांचा आकडा पाहा. वसुलीतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवणं बंधनकारक आहे. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी १० टक्क्यांहून जास्त कुणी मागितलं तर देऊ नका. ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरची, त्यामुळे पहिल्याच पावसाळ्यात ओल दिसली की लेखी कळवा.

उंच इमारत मला नको आहे असं नाही. स्टेशनजवळ, बाजारपेठेजवळ, पाणी आणि रस्ता आधी तयार असेल तिथे चार-पाच मजली, छोट्या घरांची दाट वस्ती झाली तर दुकानं चालतील, पायी कामाला जाता येईल. पालिकेने परवानगीच्या फाइलला एक साधा तक्ता जोडावा: या पाइपवर आज किती लिटर जातं, उद्या किती लागेल, आणि जास्तीचा पाइप कोण टाकणार. बिल्डर टाकणार असेल तर भोगवटा प्रमाणपत्राआधी. पालिका टाकणार असेल तर त्या प्रकल्पाचं प्रीमियम स्वतंत्र खात्यात, त्याच प्रभागासाठी. आज ते सर्वसाधारण निधीत जाऊन पगारात विरघळतं. पुढच्या महासभेत तुमच्या नगरसेवकाला विचारा, मागच्या वर्षी प्रीमियमपोटी किती आले आणि त्यातून कोणत्या गल्लीत किती इंचांचा पाइप पडला.