तेराव्या गुणसूत्रावरची मोकळी जागा

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा नमुना)

या जांभळ्या गोल पेशी म्हणजे बी लिम्फोसाइट, पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार. एरवी आपलं काम आटोपलं की मरतात. इथे मात्र मरायचं नाव घेत नाहीत, नुसत्या साचत जातात. आजाराचं नाव क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया. रक्ताचा कर्करोग, बहुतेकदा उतारवयातला.

(दृश्य: फिश चाचणी, काळ्या पार्श्वभूमीवर चमकते ठिपके)

या चाचणीत गुणसूत्राचा ठरावीक तुकडा लाल ठिपक्यासारखा चमकतो. तेराव्या गुणसूत्राच्या दोन प्रती, म्हणून लाल ठिपके दोन हवेत. या पेशीत एकच दिसतोय. निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये हा तुकडा गळालेला असतो. गंमत अशी, की बिघाड एवढाच असेल तर आजार बराच सावकाश चालतो.

या तुकड्यात कर्करोगाला आवर घालणारं एखादं जनुक असणार, आणि ते प्रथिन बनवणारंच असणार, असं धरून अनेक वर्षं शोध चालला. पुरावा कुणाविरुद्धच टिकेना.

2002 मध्ये फिलाडेल्फियात कार्लो क्रोचे आणि जॉर्ज कॅलिन यांच्या गटाने ही जागा डीएनएच्या सुमारे 30 हजार अक्षरांपर्यंत आवळत आणली. तिथे सापडले दोन मायक्रोआरएनए, म्हणजे आरएनएचे चिमुकले रेणू: मिर-15 आणि मिर-16. जेमतेम 22 अक्षरांचे, प्रथिन न बनवणारे. असे रेणू 1993 मध्ये मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत पहिल्यांदा दिसले, तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नव्हतं. त्या शोधाला नोबेल मिळालं 2024 मध्ये!

मिर-15 आणि मिर-16 करतात काय? बीसीएल-2 नावाचं प्रथिन पेशीला मरू देत नाही. ते बनवण्याची कृती घेऊन निघालेल्या संदेशवाहक आरएनएला हे चिकटतात आणि प्रथिन बनणं रोखतात. ते नाहीसे झाले की बीसीएल-2 ला रान मोकळं. हे उघड झालं 2005 मध्ये. आणि बीसीएल-2 चं जनुक 1984 मध्ये शोधणाऱ्यांत क्रोचेच होते.

मग हरवलेला मायक्रोआरएनए बाहेरून का देऊ नये? मिर-34 या दुसऱ्या रेणूवर तसा प्रयोग झाला. रोगप्रतिकारशक्ती भलतीच खवळली, चार रुग्ण दगावले आणि 2016 मध्ये चाचणी थांबवावी लागली.

त्याच वर्षी अमेरिकेत व्हेनेटोक्लॅक्सला मान्यता मिळाली. ही साधी गोळी मायक्रोआरएनएच्या वाटेला जातच नाही. थेट बीसीएल-2 ला जखडते, आणि साचलेल्या पेशी मरू लागतात.