नवसागराचा धूर आणि कच्छचा अमोनाइट

(दृश्य: लाकडी कपाटाचे खण एकेक उघडतात)

मुंबईच्या दगडात अमोनाइट, म्हणजे वेटोळ्या कवचाच्या, आता नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म, सापडत नाही. शहराखाली लाव्हाचा काळा पाषाण. त्याच्या थरांमध्ये वरळीला मिळाले ते गोड्या पाण्यातले बेडूक. तरी अमोनाइट मुंबईत आहेत. दक्षिण मुंबईतल्या एका कॉलेजात, वर्तमानपत्रात गुंडाळलेले.

हा कच्छचा. मुठीत मावणारा. खसखशीएवढे तपकिरी दाणे चिकटलेत, ते धोसा ऊलाइट या थराचे, म्हणजे साधारण १६ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचे. वंश बहुधा मायाइटिस. बॉम्बे इंजिनिअर्सच्या कॅप्टन ग्रँटने कच्छमधून जमवलेल्या नमुन्यांवरून ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ सोवर्बीने १८४० मध्ये ‘अमोनाइट्स माया’ ही जात नोंदली; तिच्यासाठी स्पाथ या दुसऱ्या ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञाने १९२४ मध्ये हा वेगळा वंश केला.

(दृश्य: टेबल, व्हर्नियर)

आधी व्यास. मग शेवटच्या वेढ्याची उंची, जाडी, आणि मधल्या खळग्याची, म्हणजे नाभीची रुंदी. बरगड्या कुठे दुभंगतात, बाहेरच्या कडेवरून अखंड जातात की विरतात, तेही टिपायचं.

कवच झिजलंय तिथे या नागमोडी रेषा बघा. आतल्या कप्प्यांच्या भिंती कवचाला भिडतात, त्या या सेवनी. ट्रेसिंग पेपरवर एकेक कंगोरा शाईने उतरवण्यात सकाळ जाते. शेवटच्या सेवनीपुढच्या भागात प्राणी राहायचा. शेवटच्या दोन-तीन सेवनी दाटीवाटीने आल्या असतील, तर तो पूर्ण वाढलेला.

हे सगळं सावकाशच व्हायला हवं. स्पाथने १९२७ ते १९३३ या काळात कच्छच्या अमोनाइटांना ढिगाने नवी नावं दिली. साठच्या दशकात लक्षात आलं, की एकाच जातीत मोठं आणि लहान, बहुधा मादीचं आणि नराचं, अशी दोन तऱ्हांची कवचं असतात. नावांची छाटणी अजून संपलेली नाही.

(दृश्य: काचेची नळी, पांढरा धूर)

आणि हा नवसागर. हो, कल्हईवाल्याचाच! तापवला की धूर निघतो, त्यात अमोनाइट फिरवायचा. रंग, डाग झाकले जातात, उरतो नुसता उठाव. फोटोसाठी उजेड वरून, डावीकडून. जगभर हाच रिवाज. मग लेप ब्रशने उतरवायचा.

जात नवी ठरलीच, तर तिचा मानक नमुना, शक्यतो एकच, म्हणजे होलोटाइप, नेमावा लागतो आणि तो कुठल्या संग्रहात ठेवलाय तेही छापावं लागतं. २००० पासून नियमच आहे तसा. म्हणजे कुलपाचा खण हवा, नोंदवही हवी, आणि ती सांभाळणारं पगारी माणूस हवं. इथे ते माणूस नाही. कित्येक खणांतल्या चिठ्ठ्या वाळवीने खाल्ल्या. नमुना कुठल्या टेकडीवरचा, कुठल्या थरातला, हे गेलं की त्यावरून जात ठरवणं जवळपास अशक्य.

या एकाची चिठ्ठी शाबूत आहे, म्हणून तो टेबलापर्यंत आला. पुढचा खण उघडायचा, तर आधी संग्रहपालाची जागा भरायला हवी.