कॉन्टॅक्ट पेज नीट बनवा, आणि आधी ते ‘फ्रॉम’मध्ये कस्टमरचा ईमेल टाकणं थांबवा

नमस्कार मंडळी. होमपेजच्या व्हिडिओखाली तुम्ही सगळ्यांनी मिळून मला कॉन्टॅक्ट पेजवरच आणून सोडलंय. निम्म्या कमेंट्स “ताई कॉन्टॅक्ट पेजवर नक्की काय काय टाकायचं” आणि उरलेल्या “ताई साईट सुरू होऊन कितीतरी दिवस झाले, एक इन्क्वायरी नाही, डिझाईन चुकलंय का?” आता खरं सांगू का, या दुसऱ्या प्रकारच्या बऱ्याच लोकांना इन्क्वायरी आलेल्या असतात, फक्त त्यांच्यापर्यंत पोचलेल्या नसतात. हे कसं ते सांगतेच, पण आधी सोपं सोपं पटकन उरकून टाकू.

पेजवर काय हवं? फोन नंबर, ईमेल, लोक प्रत्यक्ष येणार असतील तर पत्ता, कामाच्या वेळा, आणि छोटा फॉर्म. मेन्यूत लिंक, फूटरमध्ये लिंक. लिंकचं नाव ‘संपर्क’ किंवा ‘कॉन्टॅक्ट’ ठेवा, तिथे ‘चला बोलूया’, ‘आमच्याशी जोडा’ असलं काही नको, माणूस घाईत ठराविक शब्द शोधत असतो. झालं. यावर लोक वीस-वीस मिनिटांचे व्हिडिओ करतात, मला जमत नाही.

फोन नंबरबद्दल मात्र एक मिनिट. नंबर इमेजमध्ये टाकू नका. प्लीज. बॅनर बनवला, त्यावर छान मोठ्या अक्षरात नंबर, आणि मोबाईलवर बघणारा माणूस त्यावर बोट दाबतोय, दाबतोय, काही होत नाही, कॉपी करावा तर तेही नाही. मग बिचारा नंबर लक्षात ठेवून डायलर उघडतो, अर्धा विसरतो, परत येतो. नंबर साध्या टेक्स्टमध्ये लिहा आणि त्याला टेल-वाली लिंक द्या, म्हणजे हायपरलिंकमध्ये ‘टेल’, मग कोलन, मग प्लस, कंट्री कोड आणि नंबर. दाबलं की फोन लागतो. व्हॉट्सॲपच्या लिंकचं जरा वेगळं आहे, डब्ल्यूए डॉट मी स्लॅश आणि पुढे कंट्री कोडसकट नंबर, पण तिथे प्लस नाही, सुरुवातीचा शून्य नाही, मध्ये स्पेस नाही, डॅश नाही, नुसते आकडे. “ताई लिंक चालत नाही” म्हणून येणाऱ्या स्क्रीनशॉटमध्ये बहुतेक वेळा तो प्लस किंवा शून्यच असतो.

मॅप. लाईव्ह मॅप एम्बेड केला की पेज जड होतं, म्हणून त्याच्या आयफ्रेमला, म्हणजे मॅप पेजवर बसवणाऱ्या कोडला, लोडिंग लेझी लावा, म्हणजे माणूस तिथवर आल्यावरच तो लोड होतो, किंवा सरळ ‘मॅपवर बघा’ अशी लिंक द्या, फोनवर त्या लिंकने मॅपचं ॲपच उघडतं आणि माणसाला तेच हवं असतं. आणि धंदा पूर्ण ऑनलाईन असेल तर मॅप लागतोच कशाला?

आता फॉर्म. नाव, ईमेल किंवा फोन, आणि मेसेज. बस. मला विचारतात की “कंपनीचं नाव, बजेट, आमच्याबद्दल कुठून कळलं, हे पण विचारू का?” विचारा ना, पण सक्तीचं करू नका. अहो तो अजून तुमचा कस्टमर झालेला नाही, आत्ता कुठे दारात आलाय, त्याला लगेच खानेसुमारीला बसवू नका. बजेट विचारल्याशिवाय तुम्हाला खरंच उत्तर देता येत नसेल तर ठीक, ठेवा, पण ‘कुठून कळलं’ याच्यावर लाल चांदणी? डोकं फिरतं माझं.

आणि फील्डचं नाव फील्डच्या आतच फिकट अक्षरात लिहिलेलं असतं ना, प्लेसहोल्डर, त्याच्यावर लेबलचं काम ढकलू नका. टाईप करायला लागलं की ते गायब होतं. मध्येच कुणाचा फोन आला आणि माणूस परत फॉर्मकडे आला की त्याला कळत नाही या तिसऱ्या चौकोनात काय लिहायचं होतं. लेबल वर, चौकोन खाली. डिझायनर लोक कमेंटमध्ये येणारच, “दिसायला क्लीन नाही वाटत”. नसू दे. चौकोनातल्या अक्षरांची साईज १६ पिक्सेलपेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर आयफोनवर सफारी त्या चौकोनात टॅप केलं की अख्खं पेज झूम करते आणि सेंडचं बटण कुठेतरी बाजूला पळतं. ईमेलच्या फील्डला टाईप ईमेल द्या, फोनच्या फील्डला टाईप टेल, म्हणजे मोबाईलवर बरोबर तो कीबोर्ड येतो. आणि एरर आली की भरलेला सगळा फॉर्म कोरा करणाऱ्या साईट्स… जाऊ दे, तो वेगळा व्हिडिओ होईल.

ओके. आता मुख्य गोष्ट. इथून पुढे व्हिडिओ दीडपट स्पीडला बघू नका.

फॉर्म भरला, सेंड दाबलं, ‘धन्यवाद, तुमचा मेसेज पाठवला आहे’ असं हिरव्या पट्टीत आलं. याचा अर्थ मेल तुम्हाला मिळाला असा नाही! वर्डप्रेसच्या साईटवर तुम्ही वेगळं काही सेट केलं नसेल तर मेल जातो पीएचपीच्या, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिच्या, मेल फंक्शनने, आणि ते फंक्शन ‘हो, झालं’ म्हणतं तेव्हा त्याचं म्हणणं एवढंच असतं की मी मेल पाठवायच्या रांगेत दिला. पुढे तो पोचला, स्पॅममध्ये गेला की समोरच्या सर्व्हरने हाकलून दिला, याच्याशी त्याला घेणं-देणं नाही. त्यामुळे हिरवी पट्टी बघून खूश होऊ नका.

मग मेल हरवतो कुठे? बहुतेक फॉर्ममध्ये मी बघते की ‘फ्रॉम’च्या जागी, म्हणजे पाठवणारा कोण तिथे, फॉर्म भरणाऱ्याचा ईमेल टाकलेला असतो. ऐकायला किती बरोबर वाटतं! त्याने लिहिलंय म्हणजे त्याच्याकडून आलंय. पण नाही ना, मेल त्याच्याकडून आलेलाच नाही. मेल पाठवलाय तुमच्या वेबसाईटच्या सर्व्हरने. म्हणजे तुम्ही पाकिटावर पाठवणारा म्हणून दुसऱ्याचं नाव घालून ते पाकीट स्वतःच्याच पत्त्यावर टाकताय. आणि मेल घेणारा सर्व्हर आजकाल हेच तर तपासतो. मेल देताना सर्व्हर ज्या डोमेनचं नाव सांगतो (डोमेन म्हणजे ईमेलमधला ॲटच्या पुढचा भाग), त्या डोमेनने या सर्व्हरला पाठवायची परवानगी दिलीय का, ते एसपीएफ. मेलवर डोमेनची डिजिटल सही आहे का, ते डीकिम. आणि यातलं एकही फ्रॉममधल्या डोमेनशी जुळत नसेल तर काय करायचं ते फ्रॉममधल्या डोमेनने डीमार्कमध्ये सांगून ठेवलेलं असतं, म्हणजे काही करू नका, स्पॅममध्ये टाका, किंवा सरळ नाकारा.

याहूने एप्रिल २०१४ मध्येच ‘नाकारा’ असं सांगून टाकलंय. म्हणजे ज्याचा याहूचा ईमेल आहे त्याने तुमच्या अशा फॉर्ममधून लिहिलं की तो मेल बहुधा तुमच्या इनबॉक्समध्येच काय, स्पॅममध्येसुद्धा दिसणार नाही. जीमेलवाल्याचा कधी येईल, कधी स्पॅममध्ये बसेल, आणि जीमेलने तर सेंडर गाईडलाईन्समध्ये स्पष्ट लिहिलंय की फ्रॉममध्ये जीमेलचा पत्ता लावून सोंग घेऊ नका. म्हणून तुम्हाला वाटतं “काही मेल येतात, काही येत नाहीत, होस्टिंगचा काहीतरी प्रॉब्लेम असेल”. अहो होस्टिंग बदललं तरी फ्रॉम तोच राहिला तर काय फरक पडणार आहे!

आता सेटिंग कुठे? कॉन्टॅक्ट फॉर्म ७ हे वर्डप्रेसचं फॉर्मचं प्लगिन, म्हणजे साईटला जोडायचा तयार भाग, वापरत असाल, खूप जण वापरतात, तर फॉर्म उघडा, ‘मेल’ टॅबवर जा. ‘टू’मध्ये तुमचा ईमेल. ‘फ्रॉम’मध्ये तुमच्याच डोमेनचा ईमेल, इन्फो ॲट तुमचं डोमेन किंवा जे काय असेल ते. आणि खाली ‘ॲडिशनल हेडर्स’ म्हणून चौकोन आहे, त्यात ‘रिप्लाय-टू’ लिहायचं, कोलन, आणि पुढे चौकटी कंसात कस्टमरच्या ईमेलच्या फील्डचं नाव. सेव्ह. गंमत म्हणजे फ्रॉममध्ये दुसऱ्या डोमेनचा पत्ता असेल तर हे प्लगिन तिथेच वॉर्निंग दाखवतं की हा पत्ता साईटच्या डोमेनचा नाही, आणि लोक ती वॉर्निंग वर्षानुवर्षं बघत राहतात, “येतच असते ती” म्हणून. दुसरा कुठला फॉर्म असेल तरी याच तीन जागा शोधा. टू तुम्ही, फ्रॉम पण तुम्ही, रिप्लाय-टू कस्टमर.

“पण ताई मग रिप्लाय दाबला तर तो मलाच परत येईल ना?” नाही येणार! म्हणूनच तर रिप्लाय-टू. इनबॉक्समध्ये मेल तुमच्या साईटच्या नावाने दिसेल, पण रिप्लाय दाबलंत की ‘टू’मध्ये आपोआप कस्टमरचा ईमेल येईल. हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो, म्हणून परत एकदा म्हणते. फ्रॉम म्हणजे पाठवलं कोणी. रिप्लाय-टू म्हणजे उत्तर कुणाला. फॉर्मच्या बाबतीत ही दोन वेगळी माणसं आहेत.

आणि आता तिसऱ्या बाजूने, कारण आत्तासुद्धा कोणीतरी टाईप करत असणार, “माझा फॉर्म चालतो, मी टेस्ट केलाय”. कुठला ईमेल टाकून टेस्ट केला? तुमचाच ना, तुमच्या डोमेनचा? मग तो येणारच! फ्रॉममध्ये तुमचंच डोमेन आलं, सर्व्हर पण तुमचाच, सगळं जुळलं, मेल आला. टेस्ट पास. आणि बाहेरचा माणूस लिहितो तेव्हा नेमकं तेच जुळत नाही. एका ओळखीच्यांच्या साईटवर हेच चाललेलं. ते दर थोड्या दिवसांनी स्वतःचा ईमेल टाकून ‘टेस्ट टेस्ट’ पाठवायचे आणि निर्धास्त. मी त्यांना स्पॅम फोल्डर उघडायला सांगितला तर ‘टेस्ट टेस्ट’ सोडून बाकी सगळे तिथे. त्यात एका बाईंनी आधी कोटेशन मागितलेलं, मग “उत्तर मिळेल का”, मग “राहू दे, दुसरीकडून करून घेतलं”. तिन्ही न वाचलेले. आणि हे तर निदान स्पॅममध्ये सापडले, जे दारातूनच परत गेले त्यांचं काय?

तर टेस्ट अशी करायची. मैत्रिणीला, भावाला, कुणालाही सांगा, त्यांच्या मोबाईलवरून, त्यांचा ईमेल टाकून फॉर्म भर. एक जीमेलवाला, एक याहू किंवा आउटलुकवाला. मेल आला की जीमेलमध्ये तो उघडा, बाजूच्या तीन टिंबांवर जा, ‘शो ओरिजिनल’. वर छोट्या टेबलात एसपीएफ, डीकिम, डीमार्क दिसतील आणि पुढे पास किंवा फेल. तिन्ही पास हवेत. फ्रॉम बदलूनही फेल येत असेल तर एसएमटीपीचं, म्हणजे मेल पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीचं, प्लगिन टाका आणि मेल तुमच्या खऱ्या मेल अकाउंटमधून लॉगिन होऊन जाऊ दे, त्याने बहुतेकांचं काम होतं. नाहीच झालं तर डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सेटिंग्जच्या यादीत, एसपीएफ-डीकिमच्या नोंदी टाकायच्या राहिल्यात, होस्टिंगवाल्यांना विचारा, पण त्यांना ‘मेल येत नाही’ असं मोघम सांगू नका, ‘डीकिम फेल दाखवतंय’ असं सांगा, उत्तर लवकर मिळतं. होस्टिंग बदललं, प्लगिन बदललं, की परत टेस्ट.

आणि मेसेज साईटवर पण सेव्ह होऊ द्या. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ स्वतः काहीच साठवत नाही, मेल गेला तर गेला. त्याच्याच बनवणाऱ्याचं फ्लेमिंगो नावाचं फ्री प्लगिन आहे, ते टाकलं की प्रत्येक मेसेज डॅशबोर्डवर राहतो. फक्त मग लोकांची माहिती तुमच्याकडे साठतेय हे लक्षात ठेवा, जुने मेसेज अधूनमधून काढून टाका.

स्पॅम येतोय म्हणून लगेच ‘ट्रॅफिक लाईट असलेले चौकोन निवडा’वालं कोडं लावू नका. आधी हनीपॉट लावून बघा, म्हणजे माणसाला न दिसणारं एक फील्ड, बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारा प्रोग्रॅम, ते भरतो आणि पकडला जातो. त्याने भागलं नाही तर टर्नस्टाईलसारखं काहीतरी, ज्यात बहुतेकांना काही सोडवावं लागत नाही. आणि आपोआप जाणारा ‘तुमचा मेसेज मिळाला’ मेल, ऑटो-रिप्लाय, हा आवडीचा विषय आहे कमेंट्समध्ये. लावायचा तर त्यात कस्टमरने लिहिलेला मेसेज परत चिकटवू नका. बॉट तुमच्या फॉर्ममध्ये भलत्याचाच ईमेल आणि जाहिरात टाकतो, आणि तुमची साईट ती जाहिरात त्या अनोळखी माणसाला तुमच्या नावाने पाठवते. बदनाम तुमचं डोमेन.

फॉर्मच्या खाली एक ओळ टाका, उत्तर किती वेळात मिळेल. दोन दिवस लागत असतील तर दोन दिवस लिहा, ‘लवकरच संपर्क करू’ नको. आणि फॉर्म असला तरी ईमेल ॲड्रेस पण दिसू द्या, कारण काही लोकांना आपण काय लिहिलं ते स्वतःच्या सेंट फोल्डरमध्ये हवं असतं. मी पण त्यातलीच.

तर आज एवढी एक टेस्ट करा, बाहेरच्या माणसाच्या ईमेलवरून. फेल आलं तर कमेंटमध्ये त्या तीन ओळी टाका, बघते. फक्त तीन ओळी हां, मागच्या वेळेसारखं ‘शो ओरिजिनल’मधलं अख्खं हेडर, म्हणजे मेलची तांत्रिक माहिती, पेस्ट करू नका, त्यात तुमचा आणि ज्याने टेस्ट केली त्याचाही ईमेल असतो.