माठ आणि फेजचं कवच

राम राम मंडळी. उन्हाळा जवळ आला की आमच्या कुंभारवाड्यात थापटण्याचा टप टप आवाज सुरू व्हायचा, अन् शाळा सुटली की आम्ही पोट्टे तिथंच. चाकावरून उतरलेला माठ लहान असते, जाड असते, मग काका आतून दगडाचा गोटा धरून बाहेरून थापटत थापटत त्याला फुगवायचे, भिंत पातळ व्हायची, अन् मगच आव्यात. एकदा भाजला की आकार बदलणे नाही.

आज सांगतो ते बॅक्टेरियाला मारणाऱ्या व्हायरसबद्दल, त्याला फेज म्हणतात. एचके 97 नावाचा एक आहे, हाँगकाँगात सापडलेला, ई. कोलाय नावाच्या बॅक्टेरियात वाढणारा. त्याचं डोकं म्हणजे डीएनए ठेवायची डबी, एकाच जातीच्या 415 प्रोटीनची. सहा-सहाचे 60 गठ्ठे, पाच-पाचचे 11, अन् बाराव्या कोपऱ्यात डीएनए आत जायचं दार. सगळे सहाचेच असते तर सपाट चटई झाली असती बाप्पा, पाचवाल्यांमुळं ती वळते अन् बंद होते.

पण हे एकदम नाही जमत. सुरुवातीला प्रत्येक प्रोटीनला आतल्या बाजूनं 102 अमिनो ॲसिडचा (प्रोटीनच्या माळेतले मणी म्हणा) जास्तीचा तुकडा असते, स्लॅबखालच्या सेंट्रिंगसारखा. गोळा जुळला की आतच अडकलेलं एक कापणारं प्रोटीन ते तुकडे तोडून टाकते अन् शेवटी स्वतःलाही तोडते. सेंट्रिंग निघाली, जागा झाली, मग दारातून डीएनए भरणं सुरू.

आता माझ्या जिवाभावाची गोष्ट. डीएनए भरता भरता 50 नॅनोमीटरच्या जवळपासचा गोळा 65 च्या आसपास फुगते, भिंत पातळ होऊन जेमतेम 2 नॅनोमीटर, अगदी आमच्या काकांचा माठ, फक्त थापटणारा हात नाही. लॅबमध्ये तर डीएनए नसला तरी नुसतं आम्ल वाढवलं की ते फुगते. फुगल्यावर प्रोटीन सरकतात, एकाचा लायसिन नावाचा मणी शेजारच्याच्या अस्पॅराजिन नावाच्या मण्यासमोर येते अन् पक्का रासायनिक बंध होते, कोणत्या एन्झाइमची मदत न घेता. काऊन? तर बंध घडवायला लागणारं सगळं त्याच प्रोटीनच्या अंगात असते, फक्त जागेवर यायची वाट. त्या बंधांनी कड्या होतात अन् कडीत कडी ओवली जाते, जुन्या शिपायांच्या चिलखतासारखी. 2000 साली क्ष-किरणांनी हे विणकाम डोळ्यांपुढं आलं.

कड्या गुंफल्याची शंका त्याच्या आधीच आली होती, कारण साबणासारख्या रसायनात उकळलं की बाकी प्रोटीन सुटे होऊन जेलमध्ये, म्हणजे प्रोटीन वेगळे करायच्या चाळणीसारख्या थरात, सरसर उतरतात, हे कवच मात्र वरच्या तोंडाशीच अडकून बसलं.