जेवणाच्या सुट्टीतलं वीजबिल

(दृश्य: महामार्ग, शिरोलीचा फाटा, फाउंड्रीच्या शेड)

पुण्याकडून कोल्हापूरला येताना पंचगंगेच्या अलीकडे शिरोलीची एमआयडीसी लागते. शहर ओलांडलं की गोकुळ शिरगाव आणि पुढे कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत. शेतीच्या ऑइल इंजिनांपासून इथलं ओतकाम वाढत गेलं. आज मोटारी, ट्रॅक्टर, पंप आणि व्हॉल्व्ह यांची कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले भाग, इथून देशभर जातात. भंगार किती आलं, पिग आयर्न, म्हणजे कच्चं लोखंड, किती उरलं, याचा हिशेब स्टोअरकीपरला तोंडपाठ असतो. वीज कुठे किती गेली, हे मात्र महिन्याच्या शेवटी एकाच आकड्यात कळतं.

तो आकडा फोडून बघायची पहिली पायरी म्हणजे वॉक-थ्रू एनर्जी ऑडिट, म्हणजे ऊर्जेची चालता-फिरता तपासणी. एका दिवसात कारखाना पायी फिरून बघायचा. मोठ्या, ठरवून दिलेल्या उद्योगांना ऊर्जा संवर्धन कायदा, 2001 खाली ऑडिट करून घ्यावंच लागतं. लहान-मध्यम फाउंड्रीवर सहसा अशी सक्ती नसते. जागतिक बँकेच्या मदतीने बीईई (केंद्राची ऊर्जा कार्यक्षमता संस्था) आणि सिडबी (लघुउद्योगांची बँक) यांनी लघुउद्योगांसाठी ऊर्जाबचतीचा प्रकल्प राबवला, त्यात मात्र पुण्याच्या फोर्जिंगसोबत कोल्हापूरच्या फाउंड्र्याही होत्या. म्हणजे हा विषय इथे नवा नाही.

(दृश्य: टेबलावर वीजबिलं, हायलायटरच्या खुणा)

ऑडिटर आधी शेडमध्ये जात नाही. तो मागच्या बारा महिन्यांची बिलं मागतो. कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे करारात मंजूर केलेली कमाल मागणी, किती, प्रत्यक्षात कितीपर्यंत गेली, कोणत्या तासांत किती युनिटं पडली. टीओडीची, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या दराची, सवलत कुठल्या तासाला आणि जादा आकार कुठल्या तासाला, हे वीज नियामक आयोगाच्या आदेशागणिक बदलतं. भट्टीची पाळी मात्र बरेचदा जुन्याच वेळापत्रकावर चालू असते.

उच्चदाब ग्राहकांचं बिल 1 एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर निघतं, म्हणजे खऱ्या कामाला न आलेली वीजही त्यात धरली जाते. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला खऱ्या कामाचा वाटा, 0.95 असेल, तर 100 युनिटं वापरून 105 चे पैसे भरावे लागतात. गंमत सुट्टीच्या दिवशी होते. भट्टी बंद, लोड नाही, पण पॉवर फॅक्टर सुधारायला लावलेले कपॅसिटर तसेच चालू. पॉवर फॅक्टर आता उलट्या बाजूला, म्हणजे लीडिंगला जातो आणि मीटर तेही मोजतो. कपॅसिटर लावले की काम झालं, या समजुतीपायी असं किती बिल भरलं जातं, ते बिलं समोर ठेवल्याशिवाय दिसत नाही.

(दृश्य: भोंगा, कामगार डबे घेऊन बाहेर पडतात)

शेडमध्ये शिरायची खरी वेळ जेवणाच्या सुट्टीची. उत्पादन चालू असताना सगळंच चालू असतं, त्यात काही कळत नाही. लोक डबा उघडायला गेले की काय काय फिरत राहतं, ते बघायचं. कास्टिंगवर छर्रे मारून ती साफ करणारं शॉट ब्लास्ट थांबलंय, त्याचा धूळ ओढणारा डस्ट कलेक्टर चालूच आहे. साच्यांची वाळू तयार करणाऱ्या सँड प्लँटचा पट्टा रिकामा धावतोय. फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करतात तिथे, माणूस नाही, तरी चारही पंखे आणि सगळे दिवे चालू. यादीत हे आधी लिहायचं, कारण इथे खर्च काहीच नाही. बटण कोणी दाबायचं एवढंच ठरवायचं आहे.

आणि मग ऐकायचं. सगळी मशीन गप्प झाली की सुईसारखा बारीक ‘स्स्स’ आवाज येतो. मोल्डिंगच्या, म्हणजे साचे बनवायच्या जागेच्या, खांबाजवळ, होजच्या जोडावर, एफआरएलच्या (हवा गाळून दाब नेमका ठेवणाऱ्या जोडणीच्या) बुडाशी.

“हा आवाज कधीपासून येतोय, मामा?”

“त्यो व्हय? त्यो रोजचाच हाय की साहेब.”

दाबाच्या हवेच्या लाइनला तीन मिलिमीटरचं भोक आणि आत सात बारचा दाब, म्हणजे ती हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरची साधारण तीन किलोवॅट वीज सतत वाया. कॉम्प्रेसर वर्षाला 6000 तास चालतो असं धरलं तर 18,000 युनिटं. युनिटला नऊ रुपये धरले तर 1,62,000 रुपये. आणि दुरुस्ती? एक क्लिप, थोडी टेप, नाहीतर नवा होज.

सगळ्या गळत्यांची गोळाबेरीजही याच अर्ध्या तासात होते. हवा वापरणारं एकही मशीन चालू नाही, मग कॉम्प्रेसरने लोडच घ्यायला नको. तो घेतो. घड्याळ लावून कॉम्प्रेसरशेजारी उभं राहायचं. समजा तो 90 सेकंद लोडवर (हवा भरत) आणि 180 सेकंद अनलोडवर (नुसता फिरत) चालला, तर 270 तले 90. त्याच्या क्षमतेची एक तृतीयांश हवा फक्त गळतीसाठी तयार होतेय. हे मोजायला महागडं उपकरण लागत नाही. व्हीएफडीवरच्या, म्हणजे गरजेप्रमाणे वेग बदलणाऱ्या, कॉम्प्रेसरला मात्र ही पद्धत लागू पडत नाही. तिथे त्या वेळची पॉवर बघावी लागते.

(दृश्य: कॉम्प्रेसर रूमची जाळी, पलीकडे भट्टी)

कॉम्प्रेसर ठेवलाय कुठे, हेही बघायचं. जागा नाही म्हणून तो भट्टीच्या भिंतीला लागून बसवलेला असतो आणि तिथलीच तापलेली हवा ओढतो. आत येणारी हवा चार अंशांनी गरम असेल तर वीज जवळपास एक टक्का जास्त लागते. दाबाचंही तसंच. लाइनच्या टोकाला हवा कमी पडते म्हणून कुणीतरी केव्हातरी सेटिंग एका बारने वाढवून ठेवलेलं असतं. एक बार म्हणजे सहा-सात टक्के वीज. लाइन अरुंद आहे की फिल्टर तुंबलाय, हे कुणी बघितलेलं नसतं.

(दृश्य: इंडक्शन भट्टी, लाल रस, झाकण बाजूला टेकवलेलं)

सुट्टी संपते, आणि आता लोखंड वितळवणारी इंडक्शन भट्टी. फाउंड्रीच्या विजेतला मोठा वाटा हिचाच. नुसत्या उष्णतेचा हिशेब केला तर एक टन लोखंड 1500 अंशांपर्यंत न्यायला 400 च्या आत-बाहेर युनिटं पुरतात. प्रत्यक्षात टनामागे 550 पासून 700 पर्यंत लागतात. मधला फरक भट्टीभोवतीच्या कॉइलला थंड करणाऱ्या पाण्यात, आतल्या लायनिंगमधून, उघड्या तोंडातून आणि वाट बघण्यात जातो.

वाट बघणं म्हणजे काय, ते इथे उभं राहिलं की दिसतं. रस, म्हणजे वितळलेलं लोखंड, तयार आहे. त्यातले घटक तपासायला नमुना लॅबमध्ये स्पेक्ट्रोवर गेलाय. रिपोर्ट आला, तर क्रेन दुसरीकडे अडकलीय. क्रेन मोकळी झाली, तर मोल्ड, म्हणजे साचे, तयार नाहीत. तोवर रस थंड होऊ नये म्हणून भट्टी वीज घेतच राहते. झाकण आहे, पण भंगार टाकताना अडचण होते म्हणून ते भिंतीला टेकवलेलं. उघड्या रसावरून प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात, जाणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातानं वाढते; 1500 अंशांना तिथे हात तर सोडाच, तोंड धरून उभं राहवत नाही.

भंगाराचा ढीगही तपासायचा. कास्टिंगपासून तोडून परत आलेल्या रनर-रायझरला, म्हणजे रसाच्या वाटेत गोठलेल्या तुकड्यांना, वाळू चिकटलेली असते. ती वाळू भट्टीत गेली की लोखंडापेक्षा जास्त उष्णता खाते आणि शेवटी स्लॅग, म्हणजे मळी, होऊन बाहेर काढावी लागते.

टनामागे किती युनिटं, हा आकडा सांगताना टन कशाचा, ते विचारलंच पाहिजे. रसाचा, की विकलेल्या कास्टिंगचा? रिजेक्ट झालेला माल पुन्हा भट्टीत जातो आणि दुसऱ्यांदा वीज घेतो. आमच्या मते फाउंड्रीच्या ऊर्जा अहवालात रिजेक्शनचा रजिस्टर सगळ्यात वर हवा. बहुतेक अहवालांत तो नसतोच; एलईडी दिव्यांचं पान मात्र हमखास असतं.

(दृश्य: पंप हाऊस, अर्धवट बंद व्हॉल्व्ह)

भट्टीच्या पाण्याचा पंप. पुढचा व्हॉल्व्ह अर्धा बंद. मोठा पंप घ्यायचा आणि व्हॉल्व्हने त्याचा गळा आवळायचा, हा प्रकार कारखान्यागणिक दिसतो. क्लॅम्प मीटरने करंट बघून नेमप्लेटशी ताडायचा आणि नोंद करून पुढे जायचं. 

(दृश्य: संध्याकाळ, मालकांचं ऑफिस)

मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

“नवा कॉम्प्रेसर घेऊ का मग?”

“आत्ता नको. आधी गळत्या काढा, दाब एका बारने उतरवून बघा, झाकण वापरात आणा. मग आठवडाभर भट्टीच्या आणि कॉम्प्रेसरच्या पॅनेलवर लॉगर, म्हणजे वीज सतत नोंदवणारं यंत्र, लावू. गळती धरून घेतलात, तर गरजेपेक्षा मोठा कॉम्प्रेसर गळ्यात पडेल.”

एका दिवसाच्या फेरीत अंदाज मिळतात, मापं नाहीत. कुठे मोजायचं, एवढं ठरतं. मेंटेनन्सचा फिटर उद्याच्या जेवणाच्या सुट्टीसाठी साबणाचं पाणी, खडू आणि शिडी मागून घेतो. मोल्डिंगच्या खांबापासून सुरुवात करायची ठरते.